बोजारा, चिंचोके आणि आईची मजुरी

नागपुरातल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: दप्तराविना शनिवारचा एक तास 'पैशाचे शिक्षण' म्हणून माझ्याकडे आला आहे. बचतीचं महत्त्व सांगून दोन शनिवार काढले, तिसऱ्या शनिवारी मुलं खिडकीबाहेर बघायला लागली. गोष्टी आणि खेळ यांतून हे कसं शिकवायचं? शिवाय काही पालक म्हणतात, एवढ्याशा मुलांना पैशाचं काय शिकवता?

मॅडम, खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलांची बाजू मी घेतो. मी चौदा वर्षं अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलं आणि गेली बारा वर्षं पाचवी ते नववीच्या मुलांबरोबर हेच काम करतोय. पहिल्या वर्षी मीही मुंगी, मधमाशी आणि थेंबे थेंबे तळे यांवरच तास काढले. मुलांनी वहीत 'बचत करावी' असं सुंदर अक्षरात लिहिलं आणि मधल्या सुटीत खिशातले दहा रुपये गेटवरच्या ठेल्यावर उडवले. बचत करावी हे मुलांना पहिलीपासून पाठ असतं. एक वस्तू घेतली की दुसरी सोडावी लागते आणि त्या सोडलेल्या वस्तूलाही किंमत असते, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. खरं तर ते सांगून कळतही नाही. अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकांतलं निम्मं शास्त्र याच एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून वर्षभर मी वेगवेगळ्या वाटांनी तिथंच येतो.

सुरुवात तान्हा पोळ्यापासून करा. आपल्याकडे त्या दिवशी लहान पोरं लाकडी नंदीबैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे, गोळा करतात. पुण्या-मुंबईच्या शिक्षकांना हे साधन नाही. बऱ्याच मुलांसाठी ही आयुष्यातली पहिली कमाई असते. आईबाबांनी दिलेला खाऊचा पैसा वेगळा आणि उन्हात बैल ओढत आठ गल्ल्या फिरून मिळवलेला पैसा वेगळा. पोळ्यानंतरच्या पहिल्या तासाला मी प्रत्येकाला कागदाची एक पट्टी देतो. तिच्यावर नाव लिहायचं नाही, एकूण रक्कम लिहायची नाही. तीनच रकाने: पैसे कशावर गेले, किती गेले आणि तेवढ्यात दुसरं काय आलं असतं. पहिले दोन रकाने मुलं भराभर भरतात. तिसऱ्यापाशी पेन थांबतं. एका पोराने लिहिलं होतं, 'दोन प्लेट मोमो. तेवढ्यात बॅटची अर्धी ग्रिप.' अर्धी ग्रिप कुठे मिळते, म्हणून वर्ग हसला. पण त्या अर्ध्या ग्रिपमध्ये मला पुढचे तीन तास मिळाले: उरलेल्या अर्ध्याचे पैसे कुठून येतील, तोवर थांबायचं की मोमो खायचे, आणि मोमो खाल्ले तर ते चुकलं का. नाही चुकलं. मोमो खाणं हाही निर्णयच आहे, फक्त तो निर्णय आहे हे माहीत असावं.

रक्कम लिहू द्यायची नाही, यामागे माझी एक चूक आहे. पहिल्या वर्षी मी हौसेने विचारलं, 'कोणाला किती बोजारा मिळाला?' बंगल्यांच्या वस्तीतल्या एका मुलाने अकराशे सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा सदतीस म्हणाला आणि नंतर तासभर बोलला नाही. पुढे कळलं की तो रोज सकाळी बापासोबत भाजीच्या ठेल्यावर असतो. उधारी कोणाला द्यायची, संध्याकाळी पालकाचा भाव किती उतरवायचा, शंभराच्या नोटेचे सुटे कसे जमवायचे, हे सगळं त्याला वर्गातल्या कोणाहीपेक्षा, कदाचित माझ्याहीपेक्षा जास्त माहीत होतं, आणि मी त्यालाच गप्प केलं. तेव्हापासून घरचं उत्पन्न, खाऊचे पैसे, बोजारा यांचे आकडे वर्गात विचारायचे नाहीत, हा नियम मी कधी मोडला नाही. खेळ खेळायचे ते चिंचोक्यांनी. चिंचोके सगळ्यांना सारखे. आणि ठेल्यावर बसणारी अशी मुलं तुमच्या वर्गात नक्की असतील. त्यांना दया दाखवून मागे बसवू नका, हिशेबनीस करा.

आता गोष्टींविषयी. बहुतेक शिक्षक गोष्ट शेवटापर्यंत सांगतात आणि तिथेच ती वाया जाते. पैशाची गोष्ट निर्णयाच्या उंबरठ्यावर सोडून द्यायची. माझी एक आवडती गोष्ट सांगतो. काटोलकडे धनराजकाकांची दोनशे झाडांची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचं पीक धरलंय, फळं अजून हिरवी आहेत. ऑगस्टमध्ये व्यापारी बांधावर येतो आणि म्हणतो, झाडावरच्या मालाचे आत्ताच ऐंशी हजार देतो, त्यातले वीस हजार इसार, म्हणजे आगाऊ, हे घ्या. काकांनी तोडणीपर्यंत थांबून माल स्वतः नागपूरच्या कळमना बाजारात नेला, तर दीड लाखही मिळतील. पण मध्ये फळगळ झाली किंवा सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात बाजारात उतरला, तर तीस हजारांवरही यावं लागेल. काका काय करतील? इथे मी गप्प बसतो.

हात वर करायला सांगितले की सुरुवातीला बहुतेक मुलं 'थांबा' म्हणतात. सगळ्यांना दीड लाख दिसतात. मग मी दुसरी चिठ्ठी उघडतो: काकांच्या मुलीच्या वसतिगृहाची फी पंधरा दिवसांत भरायची आहे आणि घरात पैसा नाही. निम्मे हात फिरतात. मग तिसरी चिठ्ठी: काकांनी मागच्याच महिन्यात घरात साठवलेलं सोयाबीन विकलंय, त्याचे पैसे बँकेत आहेत. हात पुन्हा वर. एकदा सातवीतला एक पोरगा म्हणाला, 'म्हणजे सर, ज्याच्या घरी पैसा, तोच थांबू शकते.' जोखीम हा शब्द मी तोवर उच्चारलेला नव्हता, नंतरही लगेच उच्चारला नाही. व्यापारी लुच्चा आहे का, हा प्रश्न मुलं हमखास काढतात, आणि त्यावर घाईने उत्तर देऊ नका. फळगळीची जोखीम त्याने ऐंशी हजारांत विकत घेतली आहे. फळं गळली तर तोही बुडतो. यावर एका मुलीने विचारलं होतं, मग तो ऐंशीच काहून देते, नव्वद काहून नाही? त्या दिवशी आमचा तास सौदा म्हणजे काय यावरच संपला.

महागाईसाठी मारबत वापरा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे, म्हणजे नकोशा गोष्टींचे पुतळे. त्यांत महागाईचा बडगा दरवर्षी कोणी ना कोणी काढतंच, आणि मुलंही 'घेऊन जा गे मारबत' ओरडत मागे धावतात. मी विचारतो, महागाई जाळून आलात, मग सोमवारी समोसा स्वस्त झाला का? हशा पिकतो, आणि मग लिलाव सुरू होतो. वर्गाचे सहा गट, प्रत्येक गटाला वीस चिंचोके. माझ्याकडे पाच वस्तू: एक वही, कंच्यांची पुडी, स्केच पेनचं पाकीट, संत्रागोळ्या आणि रबराचा चेंडू. बोली लावा. माझ्या एका वर्गात वही अकराला गेली होती. पुढच्या शनिवारी हुबेहूब त्याच पाच वस्तू, पण प्रत्येक गटाला चाळीस चिंचोके. चिंचोके मिळताना मुलं खुशीत उड्या मारतात. वही तेवीसला जाते आणि मग एक जण तरी ओरडतोच, 'सर, वही तं तीच हाये, मग भाव काहून वाढला?' याचं उत्तर तुम्ही देऊ नका. सरकार सगळ्यांना भरपूर नोटा छापून का देत नाही, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न इथे आपोआप सुटतो.

पण इथेच थांबू नका. मी दोन वर्षं थांबत होतो आणि मुलं जास्त पैसा म्हणजे महागाई एवढंच घेऊन घरी जात होती. एका मुलीने अवकाळी पावसाने कांदा सडला त्या वर्षाचं काय, असं विचारल्यावर मी तिसरा लिलाव जोडला. चिंचोके चाळीसच, वस्तू फक्त तीन. वही एकतीसवर गेली. मग तिन्ही लिलावांचे भाव फळ्यावर शेजारी शेजारी लिहून, दुसऱ्यात काय बदललं आणि तिसऱ्यात काय बदललं, हे मुलांकडूनच काढून घेतलं. एकट्या कांद्याचा भाव चढणं आणि सगळ्याच वस्तूंचे भाव चढत जाणं यांतला फरक सहावीला पूर्ण समजेलच असं नाही. सातवी-आठवीला समजतो.

आता तुमच्या शाळेत होत असेलच असा उपक्रम, आनंद मेळावा. सगळ्यात जास्त शिकण्यासारखं यात आहे आणि तेच आपण दरवर्षी फुकट घालवतो. मुलं स्टॉल लावतात, पालक येऊन कौतुकाने खातात, संध्याकाळी 'आम्हाला दोनशे चाळीस रुपये नफा झाला' म्हणून टाळ्या वाजतात. खरा तास दुसऱ्या दिवशी सुरू व्हायला हवा. सहावीच्या एका गटाने तर्री-पोहे विकले होते. वीस रुपयांच्या पंचवीस प्लेट, म्हणजे पाचशे जमा. पोहे, चणे, कांदे, शेव आणि कागदी प्लेट मिळून खर्च दोनशे साठ. नफा दोनशे चाळीस, हिशेब बरोबर. मी विचारलं, तेल? घरचं होतं. मसाला? घरचा. गॅस? घरचा. बसून अंदाज काढला, सगळ्याचे सत्तर धरले. नफा एकशे सत्तरवर आला. तोंडं थोडी उतरली. मग विचारलं, पोहे केले कोणी? एकीची आई पहाटे उठून चार तास राबली होती. तिचे किती लावायचे?

दोन मुलांनी शून्य लिहिलं. आईला कोणी पैसे देतं का, असं त्यांचं म्हणणं. ती मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, माझी आई एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जाते, तिथे तासाचे पन्नास मिळतात आणि त्या दिवशी तिने तिथे सुटी घेतली होती. चार तासांचे दोनशे. फळ्यावर नफ्याच्या जागी तीस रुपये तोटा आला. वर्गात आवाज नव्हता. सोडलेल्या गोष्टीची किंमत म्हणजे काय, हे मी अकरावीला आलेख काढून शिकवायचो. या मुलांना ते आईच्या सुटीतून समजलं. त्या गटातल्या एकाने नंतर विचारलं, मग समोरचा पोहेवाला वीसला विकूनही कसा कमावतो? त्याला घेऊन पोहेवाल्याकडे गेलो, तर तो मोठं पातेलं दाखवून म्हणाला, 'पंचवीस प्लेटांत अन् दोनशे प्लेटांत, प्लेटमागे गॅस सारखाच लागते का, बाबू?' उत्पादनाच्या प्रमाणावरचा असा धडा मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडला नाही. एक सूचना मात्र आहे: आईची मजुरी लावताना मुलांना अपराधी वाटेल असं बोलू नका. हिशेब करा आणि सोडून द्या.

व्याज शिकवायला सूत्राआधी भिशी घ्या. भिशी कोणाच्या घरात नसते? दहा मुलं, आठवड्याला दहा-दहा चिंचोके, म्हणजे शंभराची थैली, दर आठवड्याला एकाला, असे दहा आठवडे. साधी भिशी चिठ्ठी काढून होते, पण आपण लिलावाची घ्यायची. ज्याला थैली आज हवी त्याने सांगायचं, शंभराऐवजी किती कमी घेईन. दर शनिवारी विक्रीला काहीतरी आणत राहा म्हणजे घाई असणारे आपोआप तयार होतात. कोणी ऐंशीला उचलतो, सोडलेले वीस दहा जणांत वाटायचे, प्रत्येकी दोन. शेवटपर्यंत थांबलेल्याला पूर्ण शंभर मिळतात, आणि दर आठवड्याचे ते दोन-तीन चिंचोके वरून. घाई असणाऱ्याने मोजायचं आणि थांबणाऱ्याने घ्यायचं, यालाच व्याज म्हणतात, हे सातव्या आठवड्याला सांगितलं तरी पुरे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात थैली उचलून झालेला एखादा शहाणा 'आज चिंचोके आणायचे विसरलो' म्हणतोच. त्याला रागावू नका, तो तुमचा पुढचा धडा आहे. अशा वेळी मी माझ्या वडिलांची गोष्ट सांगतो. निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग त्यांनी ओळखीवर एका पतसंस्थेत ठेवला, कारण तिथे बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळत होते. संस्था बुडाली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तो पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. मुलं ही गोष्ट जितकी कान देऊन ऐकतात तितकं दुसरं काही ऐकत नाहीत. चक्रवाढीसाठी बहात्तरची युक्ती सांगा: बहात्तरला व्याजदराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते येतं. सहा टक्क्यांनी बारा वर्षं. मग हीच युक्ती सावकाराच्या तीन टक्के महिन्याला लावून दाखवा, व्याज थकत गेलं तर दोन वर्षांत दुप्पट. पाच मिनिटांचं काम.

शेअर हा विषय सातवीपर्यंत मी काढत नाही. आठवी-नववीला काढतो तो एम्प्रेस मिलवरून, कारण मुलांना त्या जागेवरचा मॉल तेवढा माहीत असतो. जमशेटजी टाटांनी तलावाजवळच्या दलदलीच्या जागेत भराव घालून ही गिरणी उभारली आणि १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. असं सांगतात की एका सावकाराने सुरुवातीला पैसे द्यायला नकार दिला होता, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणून. पुढे त्यानेच कबूल केलं की याने माती टाकून सोनं काढलं. गोष्ट छान आहे, पण अर्धी सांगू नका. तीच गिरणी पुढे बंद पडली, कामगार घरी बसले, हेही त्याच तासात सांगा. शेअर घेणारा या दोन्ही टोकांचा भागीदार असतो.

सहलींपैकी दोनच सुचवतो. पहाटे कळमना बाजार: ढेरीचा लिलाव, अडत म्हणजे दलाली, हमाली आणि घरी परतताना चौकात त्याच संत्र्याचा किरकोळ भाव. मुलांना वाटेतली भाववाढ स्वतः लिहू द्या; मधला माणूस खातो असं आधीच ठरवून जाऊ नका, हमाल आणि गाडीवाला यांच्याशी बोलू द्या. दुसरी सहल पोस्टाची. दहा वर्षांवरचं मूल पोस्टात स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू शकतं, हे पालकांनाही माहीत नसतं. आमच्या लहानपणी शाळेत संचयिका, म्हणजे मुलांची बचत बँक, असायची. तिच्यातली शिल्लक कधीच मोठी नसायची, पण स्वतःचं पासबुक हातात धरल्यावर ताठ चालता यायचं. संविधान चौकातली रिझर्व्ह बँक बाहेरून दाखवलीत तरी चालेल. मात्र मुलं तिथे नोटा छापतात असं समजून वर बघत राहतात. नोटा नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनीला छापतात, हे सांगा. आणि एक रुपयाची नोट मिळाली तर दहाच्या नोटेशेजारी ठेवा, सह्या बघायला सांगा. दहावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही, एकावर भारत सरकारच्या वित्त सचिवाची. हा फरक मुलांनी शोधला की त्यांना तो विसरता येत नाही. याच बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख सनदी नोकरीत आपल्या मध्य प्रांतात होते, हेही जाता जाता सांगायला हरकत नाही.

पालकांच्या शंकेचं उत्तर वादाने देऊ नका. सहावीतलं मूल आज बाबांच्या मोबाईलवर गेमचे हिरे विकत घेतं. त्याच्या हातात नोट येतही नाही आणि जातही नाही, फक्त पडद्यावर हिरवी खूण उमटते. पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा, ही दोन वाक्यं मुलांकडून पालकांना घरी सांगवून घ्या. शंका निम्मी होते. उरलेल्या निम्म्यासाठी पालकसभेत एवढंच सुचवा की मुलाला आठवड्याचे ठरलेले पैसे द्या, मग ते वीस का असेनात. आणि ते मंगळवारीच संपले तर रविवारपर्यंत पुन्हा देऊ नका. दुसरी अट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे. आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या, नाहीतर बुधवारी गुपचूप दहाची नोट हातात येते आणि सगळा प्रयोग बसतो.

या शनिवारी लिलावापासूनच सुरुवात करा. त्याला पोळ्याची वाट बघावी लागत नाही. एकच तयारी करा: चिंचोक्यांना लाल ठिपका मारून घ्या, तोही ऑइल पेंटचा. माझ्या दुसऱ्या लिलावाच्या दिवशी एका पठ्ठ्याने घरून पिशवीभर चिंचोके आणले होते. त्याच्या गटाने पाचही वस्तू घेतल्या आणि बाकीचे गट 'चिटिंग, चिटिंग' ओरडत राहिले. मी पुढच्या आठवड्यात पाण्याच्या रंगाने ठिपके मारले. त्याने तेही घरी मारून आणले. शेवटी मी त्यालाच रिझर्व्ह बँक केलं, आणि त्या वर्षी एकही खोटा चिंचोका वर्गात चालला नाही.